वानरांची आणि आपली भावकी

‘माणूस माकडापासून झाला म्हणता, मग आमच्या गावातली माकडं अजून माकडंच कशी?’

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. तिथे किंवा आसपासच्या कुठल्याही गावात उत्क्रांतीचा विषय काढला, की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. काळ्या तोंडाची वानरं इथल्या लोकांच्या रोजच्या ओळखीची. हरभऱ्याला घाटे धरले की टोळी शेतात उतरते, घरांच्या पत्र्यांवरून धडधडत जाते आणि ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांवर ताव मारते. ज्यांना हाकलता हाकलता घसा बसतो, त्यांनाच पूर्वज मानायचं हे सहजासहजी पटणार नाही.

ते पटवून घ्यायची गरजही नाही, कारण ती वानरं आपले पूर्वज नाहीतच. मग ती आपली कोण लागतात? आणि आपल्या अंगात जे जे वारशाने आलं आहे, ते कुठून आणि कसं आलं? एकेक गाठ सोडवत जाऊ.

१. वानर बाप नव्हे, चुलत भाऊ

गावात भावकी कशी ठरते? आडनाव एक, कुळ एक, पण घरं वेगळी. मागे जात राहिलं की कुठेतरी एक खापरपणजोबा सापडतो. त्याच्या एका मुलाची शाखा गावात राहिली, दुसऱ्याची वाडीवर गेली. वाडीवरचा चुलत भाऊ आपला बाप नसतो आणि कालांतराने तो ‘आपण’ होईल अशी अपेक्षाही कुणी करत नाही. दोघांचा मूळ पुरुष एक, एवढंच नातं.

वानराचं आणि आपलं नातं असंच आहे. चार्ल्स डार्विनने १८७१ साली माणसाच्या उगमावर ग्रंथ लिहिला. त्यातही आजच्या माकडांपासून माणूस झाला असं म्हटलेलं नाही. दोघांचा पूर्वज एक, हा त्याचा मुद्दा. आपली आणि वानराची शाखा साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझी आपल्याला त्याहून जवळचा. त्याची आणि आपली वाटणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची.

हा काळ किती मोठा, ते मोजून पाहा. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर शंभर वर्षांत चार पिढ्या होतात. साठ लाख वर्षांत होतात दोन लाख चाळीस हजार. माणूस शेती करू लागला त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली, म्हणजे अवघ्या चारशे पिढ्या. आपल्या वंशाचा जवळजवळ सगळा काळ रानात गेला आहे. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडतील.

मग वानरं अजून वानरंच का? कारण ती माणूस व्हायच्या वाटेवर कधी नव्हतीच. त्यांनी आपल्या शाखेत वेगळी कमाई केली. वानराच्या पोटात कप्पे असतात आणि त्यांतले सूक्ष्मजीव कोवळा-जून पाला आंबवून पचवतात. पाल्यावर ते दिवसच्या दिवस काढतं, आपलं मात्र तेवढ्यावर भागत नाही. शर्यत पाला खाण्याची लावली, तर मागे पडणारे आपण.

२. फेरफार, आणि गेलेली शेपटी

शाखा वेगळ्या झाल्या, पण बदल होतो कसा? त्यासाठी शरीरातलं दप्तर उघडावं लागेल.

आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत एक लेखी नोंद असते. ती सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आहे आणि तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. प्रत्येक प्रत तेवीस खंडांत विभागलेली असते. या खंडांना गुणसूत्रं म्हणतात. खंडातल्या ज्या मजकुरावरून शरीर एखादा पदार्थ बनवतं, तो मजकूर म्हणजे जनुक. माणसात अशी साधारण वीस हजार जनुकं आहेत.

सातबाऱ्याची नक्कल हाताने उतरवताना एखादं अक्षर चुकावं, तसं ही नोंद पुढच्या पिढीला देताना होतं. प्रत्येक बाळाच्या नोंदीत आई-बापांत नसलेले साठ-सत्तर नवे फेरफार असतात. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. एखादा त्रास देतो, तर एखादा त्या परिस्थितीत कामाला येतो. ज्याच्याकडे कामाचा फेरफार, त्याची पोरंबाळं जास्त जगतात आणि तो फेरफार पसरत जातो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. तिच्यामागे कुणाची योजना नसते. जगण्याच्या झगड्यात जे टिकतं ते पुढे जातं.

आता शेपटीचं उदाहरण घेऊ. वानराला लांबलचक शेपटी, आपल्याला मात्र माकडहाड. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकणाऱ्या बो शिया या संशोधकाच्या माकडहाडाला दुखापत झाली आणि शेपटी गेली कशी, हा प्रश्न त्याने मनावर घेतला. २०२४ साली त्याचं आणि सहकाऱ्यांचं उत्तर ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. शेपटी घडवण्यात भाग घेणाऱ्या एका जनुकात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी मजकुराचा एक छोटा तुकडा घुसला. तो बिनशेपटीच्या वानरकुळात, म्हणजे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण, या सगळ्यांत सापडतो. शेपटीवाल्या माकडांत नाही. उंदरांमध्ये याच जनुकात तसाच परिणाम करणारा बदल केल्यावर आखूड शेपटीची किंवा बिनशेपटीची पिल्लं जन्मली. काहींच्या पाठीच्या कण्यात व्यंगही आढळलं. म्हणजे शेपटी जाण्याची किंमत मोजावी लागली असावी. तरीही तो फेरफार टिकला, तेव्हा त्याचा काहीतरी मोठा फायदा झाला असावा.

३. अंगावरच्या जुन्या नोंदी

शेत विकलं तरी जुन्या सातबाऱ्यावर आज्याचं नाव दिसतं. आपल्या अंगावरही अशा जुन्या नोंदी आहेत आणि त्या पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

अंगावर काटा. थंडी वाजली, भीती वाटली किंवा कीर्तनात मन भरून आलं की अंगावर शहारे येतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो, तो आवळतो आणि केस उभा राहतो. वानराच्या अंगावर दाट केस असल्याने त्याला याचा दुहेरी उपयोग होतो. केसांत हवा अडकून ऊब मिळते आणि अंग फुगून दिसल्याने समोरचा बिचकतो. आपले केस विरळ झाले, स्नायू तसेच राहिले.

बाळाची मूठ. आठ दिवसांच्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवा. ते बोट असं घट्ट आवळतं की सोडवताना आजीलाही जोर लावावा लागतो. पाच-सहा महिन्यांत ही आपोआप आवळणारी मूठ सुटते. वानरीच्या पोटाला लोंबकळणारं पिल्लू पाहिलं की या पकडीचा अर्थ कळतो. तिथे पकड सुटली तर पिल्लू थेट झाडाखाली.

मनगटातली दोरी. करंगळी आणि अंगठा एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी शीर वर येते का पाहा. ती एका स्नायूची टोकाची दोरी आहे. काहींच्या एकाच हातात ती सापडते, काहींच्या दोन्ही हातांत नसते. नसलेल्यांची पकड कमजोर असते असंही नाही. ज्याच्यावाचून अडत नाही ते हळूहळू गळत जातं, याचं हे हाताशी असलेलं उदाहरण. घरातल्या सगळ्यांना करून पाहायला सांगा, सख्ख्या भावंडांतही फरक निघेल.

अक्कलदाढ. पूर्वज कच्चं, चिवट, न दळलेलं खात. तसं चावण्याने वाढत्या वयात जबडा रुंद होतो. चारशे पिढ्यांपूर्वी शेती आली, मग दळण आलं, मऊ भाकरी आणि शिजवलेलं वरण आलं. जबड्याला पूर्वीइतकं काम उरलं नाही आणि तो लहान राहू लागला. दाढा मात्र जुन्या हिशोबानेच येतात. शेवटची दाढ वीस-बावीसच्या वयात जागा शोधते, ती मिळत नाही आणि गाल सुजतो.

कंबर. चार पायांवर चालणाऱ्यांचा कणा आडवा असतो. आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहिले आणि तोच कणा उभा करून त्याच्यावर सगळा भार टाकला. इथिओपियात १९७४ साली ‘ल्यूसी’ नावाने प्रसिद्ध झालेला सांगाडा सापडला. तो सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि ती दोन पायांवर चालत होती. त्यामुळे आपले हात मोकळे झाले, पण कंबरेवरचा भार कायमचा वाढला. सोयाबीन खुरपणाऱ्या, हळद काढणाऱ्या बायका दिवसभर वाकून काम करतात, तेव्हा आधीच भार सोसणाऱ्या मणक्यांवर आणखी ताण येतो. त्यांच्या कंबरदुखीला ‘वय झालं’ म्हणून झटकून टाकू नये. तिला शरीराच्या रचनेतलंच कारण आहे. वाकून करायच्या कामात मध्ये मध्ये उठणं, आळीपाळीने काम बदलणं ही खरी गरज आहे.

४. ‘आत्यावर गेलीय’: वाटणीचं गणित

बारशाला बायका बाळाचं नाक, कान, रंग पाहून निवाडा देतात की हा आज्यावर गेलाय, ही आत्यावर गेलीय. त्यात तथ्य आहे, पण वाटणीची रीत समजून घ्यावी लागते.

आई-बापांकडे प्रत्येक जनुकाच्या दोन-दोन प्रती असतात. बाळाला प्रत्येकाकडून एकच मिळते. कुठली, ते नशिबावर. शेताची वाटणी एकदाच होते, ही मात्र प्रत्येक बाळंतपणात नव्याने होते. म्हणून सख्खी भावंडं सारखी नसतात.

रक्तगटाचं उदाहरण घेऊ. बापाचा गट ‘ए’, पण त्याच्या दोन प्रती ‘ए’ आणि ‘ओ’. आईचा गट ‘बी’, तिच्या प्रती ‘बी’ आणि ‘ओ’. ‘ओ’ ची प्रत जोडीला दुसरी असली की दिसत नाही. आता बाळाला बापाची ‘ए’ आणि आईची ‘बी’ मिळाली तर गट ‘एबी’. बापाची ‘ए’ आणि आईची ‘ओ’ मिळाली तर ‘ए’. बापाची ‘ओ’ आणि आईची ‘बी’ मिळाली तर ‘बी’. दोन्हीकडून ‘ओ’ आली तर ‘ओ’. चारही गटांची शक्यता सारखीच, चारात एक. आई-बापांपैकी कुणाचाच गट ‘ओ’ नसताना मूल ‘ओ’ निघालं, तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. अशा संशयाने घरं मोडतात, म्हणून हे गणित प्रत्येकाला यायला हवं.

याच गणितात एक कोडं मुंबईत सुटलं. १९५२ साली डॉ. य. मा. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ मध्ये एका नव्या रक्तप्रकाराची माहिती दिली. ‘ए’ आणि ‘बी’ ही लक्षणं रक्तपेशीवर ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहतात. हा रक्तप्रकार असलेल्या लोकांत तो पायाच नव्हता. त्यांच्याकडे ‘ए’ किंवा ‘बी’ चं जनुक असलं तरी साध्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो आणि नेहमीचं ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेततं. आज हा प्रकार जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो आणि त्याला तशाच माणसाचं रक्त चालतं. अंगात जनुक असूनही गुण दिसत नाही, याचा इतका सरळ दाखला दुसरा सापडणं कठीण.

५. कानावरचे केस

गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींत एखाद्याच्या कानाच्या पाळीवर केसांचे झुबके दिसतात. भारतात हे लक्षण बऱ्यापैकी आढळतं, तेही पुरुषांतच. म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, की हे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर असणार. थोर शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात स्थायिक झाले. त्यांचे शिष्य कृष्ण द्रोणमराजू यांनी आंध्रातल्या घराण्यांच्या वंशावळी तपासून हेच मांडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं.

पुढे वाय गुणसूत्राचा मजकूर वाचता येऊ लागला. २००४ मध्ये दक्षिण भारतातल्या अशा पुरुषांची तपासणी झाली. केसाळ कानाचा धागा एकाच वाय गुणसूत्रात असता, तर या सगळ्यांची वाय गुणसूत्रं एका घराण्याची निघायला हवी होती. ती वेगवेगळ्या घराण्यांची निघाली. जुना निष्कर्ष मागे पडला. ‘फक्त पुरुषांत दिसतं, म्हणजे बापाकडूनच आलं’ हा तर्क इथे फसला. मुलींकडेही ते जनुक असेल, पण त्यांच्या शरीरात त्याला वाव मिळत नसेल. विज्ञानात वंशावळीला पुराव्याची जोड लागते, ती अशी.

६. सडपातळ माणसाला साखर का होते?

‘अंगावर मांस नाही, तरी साखर निघाली’ असं मराठवाड्यात अनेक घरांत ऐकू येतं. याचं उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आयुष्य गेलं आहे.

२००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंचीच्या हिशोबाने वजन मोजायचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

हा फरक जन्मापासूनच असतो का? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची बारकाईने मापं घेतली गेली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून मेदयुक्त. यात आईच्या पोषणाचा, विशेषतः ब-१२ सारख्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा वाटा असल्याचं या अभ्यासातून पुढे आलं.

यातून वारशाबद्दलची एक मोठी गोष्ट कळते. आई-बापांकडून फक्त जनुकं येत नाहीत. नऊ महिने आईने काय खाल्लं, किती राबली, ही शिदोरीही बाळाला मिळते. सून जेवली की नाही, ताटात डाळ, दूध, भाजी पडली की नाही, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तिच्या मुलाच्या चाळिशीत निघणाऱ्या साखरेचाही तो आहे.

७. शुद्ध रक्त कुणाचंच नाही

घराण्याचा अभिमान जरूर असावा, पण आपल्या नोंदवहीत कोण कोण आलं आहे ते पाहण्यासारखं आहे.

युरोप-आशियात पूर्वी निअँडरथाल नावाची माणसाचीच दुसरी जात राहत होती. ती सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी संपली, पण त्याआधी आपल्या पूर्वजांशी तिचे संबंध आले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकसाठ्यात साधारण दोन टक्के वाटा तिचा आहे. हे शोधणाऱ्या स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. त्यांनी सहकाऱ्यासोबत २०२० मध्ये दाखवलं, की कोरोना गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक तुकडा निअँडरथालकडून आला आहे आणि दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत तो आहे. पुढच्याच वर्षी त्यांना दुसरा एक निअँडरथाल तुकडा सापडला, तो थोडं संरक्षण देणारा होता. वारशात कर्जही येतं आणि ठेवही येते.

जवळच्या काळात या. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले लालजी सिंग, के. थंगराज आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की भारतातले जवळजवळ सगळे समाज वेगवेगळ्या प्राचीन लोकांच्या मिश्रणातून आले आहेत, मग ते कुठल्याही जातीचे असोत. २०१३ च्या अभ्यासानुसार ही सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी जोरात चालली आणि नंतर लग्नं आपापल्या समाजातच होऊ लागली.

८. मामाची मुलगी

सोयरीक जवळची असावी, माणसं माहितीतली असावीत, म्हणून आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. ओळखीतल्या घरात मुलगी सुखात राहील, ही माया त्यामागे आहे. त्या मायेचा आदर ठेवूनच गणित करू.

समजा आज्याच्या एका जनुकात घातक फेरफार आहे. दुसरी प्रत चांगली असल्याने त्याला काहीच त्रास नाही. त्याच्या मुलीकडे तो जाण्याची शक्यता निम्मी, तिच्याकडून नातवाकडे जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे नातवाकडे चारात एक. मुलाकडच्या नातीचंही तसंच, चारात एक. दोघांकडेही असण्याची शक्यता सोळात एक. त्या दोघांचं लग्न झालं, तर बाळाला दोन्ही घातक प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे एकूण चौसष्टात एक. आता तोच नातू नात्याबाहेर लग्न करतो आणि तिथे शंभरात एकाकडे तो फेरफार आहे असं धरू. मग हीच शक्यता सोळाशेत एक होते. पंचवीसपट कमी.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या २०१३ च्या अभ्यासात सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांतून जन्मलेल्या बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेलेला दिसला. शंभरातली चौऱ्याण्णव बाळं ठणठणीत असतात, तेव्हा असं लग्न झालेल्यांनी घाबरून जाऊ नये. पण नवी सोयरीक जुळवताना हा आकडा समोर असावा. विदर्भात, नंदुरबारमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचं गणितही हेच आहे. दोघेही वाहक, म्हणजे फेरफाराची एकच प्रत असलेले, असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. याच फेरफाराची एक प्रत मलेरियापासून वाचवते, म्हणून तो टिकून राहिला. वाहक कोण, ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे.

शेताचे कागद आपण ट्रंकेत जपून ठेवतो. शरीराच्या वारशाचीही तशी वही प्रत्येक घरात असावी. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कितव्या वर्षी निघाला, कुणाचं मूल लहानपणी दगावलं आणि कशाने, कुणाकुणाची लग्नं नात्यात झाली. पत्रिका जुळवण्याआधी ही वही जुळवली, तर पुढच्या पिढीचं भलं होईल. यातली निम्मी माहिती फक्त आजी-आजोबांना ठाऊक असते. ती आज संध्याकाळीच त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.